क्लोरीनची हांव आणि द्राक्षांची परीक्षा

परदेशीं द्राक्षें पाठविणाऱ्या बागायतदारांस औषधांच्या उर्वरित अंशाचा दाखला आतां नवा राहिलेला नाहीं. युरोपांत ज्या औषधास निराळी मर्यादा ठरलेली नाहीं, त्यास किलोस ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लावतात. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. तेवढ्यावरून माल जातो किंवा अडतो. इतका सूक्ष्म अंश हुडकतात तरी कसा, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

क्लोरीनच्या अणूस इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋणविद्युत्कण, ओढून घेण्याची जेवढी हांव असते तेवढी दुसऱ्या कोणत्याहि मूलद्रव्यास नसते. डी.डी.टी.च्या एका रेणूंत असे पांच अणु आहेत, लिंडेनमध्यें सहा. मंद गतीनें भटकणारा इलेक्ट्रॉन अशा रेणूजवळ आला कीं पकडला जातो, आणि पुष्कळदां क्लोरीन त्यास घेऊन रेणूपासून तुटून निघतो. हाच ऋण आयन होय. उधळलेला बैल दाव्यास लागत नाहीं, त्याप्रमाणें वेगवान इलेक्ट्रॉन मात्र सहसा हातीं येत नाहीं. रॉकेलच्या रेणूंत ही हांव जवळजवळ नाहींच.

जेम्स लव्हलॉक यांनीं १९५७ च्या सुमारास लंडनमध्यें या गुणावर एक उपकरण बांधलें. एका लहानशा कोठडींत किरणोत्सर्गी पत्रा बसवितात. हल्लीं तो निकेलचा असतो. त्याच्या किरणांनीं आंतील नायट्रोजन वायूंतून मंद इलेक्ट्रॉन सुटतात व एक बारीकसा विद्युत्प्रवाह अखंड चालू राहतो. मालाचा अर्क एका लांब नळींतून जातांना त्यांतील द्रव्यें वेगवेगळ्या वेळीं बाहेर पडतात. क्लोरीनयुक्त द्रव्य कोठडींत शिरलें कीं इलेक्ट्रॉन गिळले जातात. क्लोरीनचा आयन इलेक्ट्रॉनच्या साठ हजारपटींहून जड. तो रेंगाळतो आणि धन आयनाशीं मिळून निष्प्रभ होतो. प्रवाह उतरतो, कागदावर शिखर उमटतें. ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागाइतकें द्रव्यहि अशा रीतीनें कळूं शकतें.

परंतु कोणीतरी इलेक्ट्रॉन खाऊन गेला, एवढेंच यंत्र जाणतें. खाणाऱ्याचें नांव तें सांगत नाहीं. नांव ठरतें तें बाहेर पडण्याच्या वेळेवरून, आणि तेथें चूक होऊं शकते. डी.डी.टी.च्या शेजारीं उमटणारीं अनोळखी शिखरें पी.सी.बी. नांवाच्या कारखानी द्रव्यांचीं आहेत, हें स्वीडनचे सोरेन येन्सेन यांनीं १९६६ सालीं उघड केलें. गंधकहि या यंत्रास फसवितो. भुरीकरितां गंधक मारणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. म्हणून दाखल्यावर आक्षेप आल्यास वस्तुमान-वर्णपटाच्या यंत्रावर खात्री करून घेतली काय, असें अवश्य विचारावें, आणि फवारणीची नोंद नमुन्यासोबत द्यावी. पुष्कळजण ती दडवितात. आमच्या मतें त्यांत नुकसान त्यांचेंच.

आपल्याकडे डी.डी.टी.चा शेतींतील वापर १९८९ सालीं बंद झाला, बी.एच.सी. १९९७ सालीं, एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं बंदी घातली. तथापि जुन्या फवाऱ्यांचे अंश जमिनींत राहतात, कारण क्लोरीनच्या भारानें हे रेणु टिकाऊ झालेले असतात. भातखाचरांत मात्र निराळा प्रकार दिसतो. पाण्याखालीं हवा कोंडली कीं मातींतील कांहीं जंतु स्वतःच या रेणूंस इलेक्ट्रॉन देऊन क्लोरीन काढून टाकतात. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या १९६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पाण्याखालील जिवंत मातींतून लिंडेन नाहींसें झालें. निर्जंतुक केलेल्या मातींत तें टिकून राहिलें.