चंद्रावरची माती, किंमत एक डॉलर

डिसेंबर 2020 मध्ये नासाने चंद्रावरची माती विकत घेण्यासाठी कंपन्यांशी करार केले. कोलोरॅडोच्या लूनर आउटपोस्टने बोली लावली होती फक्त एका डॉलरची! दहा टक्के आगाऊ, म्हणजे दहा सेंट. कंपनीने चंद्रावर माती गोळा करायची, तिचे फोटो पाठवायचे आणि मालकी तिथल्या तिथे नासाच्या नावावर करायची.

एवढ्याशा रकमेमागचा हेतू मोठा होता: खासगी कंपनी चंद्रावरची वस्तू विकू शकते, असा पायंडा पाडणे.

1967 च्या अंतराळ करारानुसार कोणत्याही देशाला चंद्रावर सार्वभौम हक्क सांगता येत नाही. पण खणून काढलेल्या मालाचं काय, यावर करार गप्प आहे. अमेरिकेने 2015 मध्ये आणि चिमुकल्या लक्झेंबर्गने 2017 मध्ये कायदा करून तो माल काढणाऱ्याचा ठरवला. समुद्र कुणाचा नाही, मासळी मात्र जाळं टाकणाऱ्याची, तसंच हे.

1979 च्या चंद्र कराराने ही संपत्ती अखिल मानवजातीचा वारसा मानली. भारताने 1982 मध्ये त्यावर सही केली, अनुमोदन मात्र कधीच दिलं नाही. उलट जून 2023 मध्ये, खनिजं काढण्याला मोकळीक देणाऱ्या आर्टेमिस करारावर सही केली. आपल्याकडे यावर जाहीर चर्चा जवळपास झालीच नाही, आणि ती व्हायलाच हवी.