न काळवंडणारी गाठ

कर्करोगाच्या दवाखान्यात एक दंडक कसोशीने पाळला जातो. गाठीचा तुकडा तपासून आल्याशिवाय उपचार सुरू होत नाहीत. यकृताच्या कर्करोगाला मात्र यातून बऱ्याचदा सूट मिळते. रुग्णाला आधीपासून सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होण्याचा आजार, असेल आणि डाय टोचून काढलेल्या सीटीत किंवा एमआरआयमध्ये गाठ आधी लख्ख उजळून थोड्याच वेळात भोवतालच्या यकृतापेक्षा काळवंडली, तर निदान तिथेच पक्कं होऊ शकतं. याचं कारण रक्ताच्या वाटेत आहे. यकृताला सुमारे 75 टक्के रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं, गाठ मात्र मुख्यतः रोहिणीच्या रक्तावर पोसते. हातातून टोचलेला डाय रोहिणीतून आधी पोचतो, म्हणून गाठ आधी उजळते.

सुई टळते हे रुग्णाच्या भल्याचंच आहे. सिरॉसिसमध्ये रक्त लवकर थांबत नाही आणि क्वचित सुईच्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी रुजतातही. पण तुकडाच काढला नाही, तर गाठीची जनुकं तपासायची कशातून? जे चित्र निदान करतं, त्यातूनच जनुकांचा माग लागेल का, हा प्रश्न या अडचणीतून पुढे आला.

2007 साली एरान सेगल, हॉवर्ड चांग आणि मायकेल कुओ यांच्या गटाने ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’मध्ये यावर एक निबंध प्रसिद्ध केला. यकृताच्या गाठींच्या सीटीत दिसणाऱ्या 28 खुणा एकत्र वाचल्या, तर त्या गाठींतल्या जनुकांच्या हालचालींचं 78 टक्के चित्र उभं करता येतं, असं त्यांनी दाखवलं. हे काम जनुकं किती जोमाने चालतात याबद्दल होतं. जनुकात नेमका बिघाड कुठे झाला, हा पुढचा आणि अधिक अवघड प्रश्न.

त्याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर एमआरआयच्या एका खास रसायनातून मिळालं. गॅडॉक्सेटिक ॲसिड हे त्याचं नाव. यकृताच्या निरोगी पेशी आपल्या भिंतीतल्या एका प्रथिनाच्या दारातून ते आत ओढतात आणि पित्तात सोडतात. त्यामुळे टोचल्यानंतर वीसेक मिनिटांनी सगळं यकृत उजळतं. कर्करोगाच्या बहुतेक पेशींचं हे दार बंद पडलेलं असतं, म्हणून उजळ यकृतात गाठ काळी दिसते. पण साधारण दहातली एखादी गाठ काळी पडतच नाही. जपानमधल्या संशोधकांनी अशा गाठी शस्त्रक्रियेनंतर तपासल्या, तेव्हा त्यांतल्या अनेकींत बीटा-कॅटेनिन या प्रथिनाच्या जनुकात बिघाड सापडला. हा बिघाड पेशीला बेसुमार वाढायला लावतो आणि तेच दारही उघडं ठेवतो. पेशी बिघडली, पण यकृताचं जुनं काम विसरली नाही. म्हणूनच अशा काही गाठी कापल्यावर आत हिरवट पित्तही दिसतं. चित्र आणि जनुक यांच्यामधली प्रत्येक पायरी इथे दाखवता येते, आणि नुसत्या आकडेमोडीतून जुळलेल्या नात्यापेक्षा मला हे नातं कितीतरी भरवशाचं वाटतं.

दुसऱ्या टोकाला टीपी-53 जनुकातला बिघाड आहे. तो अधिक आक्रमक गाठींत आढळतो, आणि त्यांतल्या एका प्रकारात एमआरआयवर गाठीचा बराच भाग मृत झालेला दिसतो. पण कुठलीही मोठी गाठ रक्त अपुरं पडून आतून मरू शकते, त्यामुळे ही खूण बीटा-कॅटेनिनच्या खुणेइतकी नेमकी नाही. याच जनुकाच्या 249व्या जागेवरचा एक ठरावीक बदल बुरशी आलेल्या मक्यातल्या आणि शेंगदाण्यातल्या अफ्लाटॉक्सिनशी जोडलेला आहे, हे 1991 मध्ये चीन आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या रुग्णांवरून पुढे आलं. रुग्णाने वर्षानुवर्षं काय खाल्लं, त्याची नोंद जनुकात राहते. ती मात्र चित्रातून वाचता येत नाही.

या साऱ्याचा उपचाराशी संबंध आहे, म्हणून सावधपणाही हवा. बीटा-कॅटेनिनच्या गाठींभोवती प्रतिकारपेशी बहुधा तुरळक असतात, त्यामुळे याच पेशींना कामाला लावणारी इम्युनोथेरपी तिथे कमी पडेल अशी शंका घेतली गेली. काही अभ्यासांनी तिला दुजोरा दिला, काहींना फरक आढळला नाही. शिवाय यंत्र बदललं, डायची वेळ चुकली की चित्र बदलतं, आणि एकाच गाठीच्या दोन भागांत वेगळे बिघाड असू शकतात. तेव्हा केवळ चित्र पाहून एखाद्याला औषध नाकारणं आज अन्यायाचं ठरेल. सुई कुणाला आणि गाठीच्या नेमक्या कुठल्या भागात टोचावी, हे सुचवण्याचं काम मात्र चित्राकडून जरूर घ्यावं.

घरात कुणाला सिरॉसिस असेल, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नका. हेपॅटायटिस बी असेल, तर ती कधीपासून करायची हे डॉक्टरांना विचारा. आणि पुढे सीटी, एमआरआय करायची वेळ आलीच, तर रिपोर्टच्या कागदाबरोबर तपासणीची सीडीही मागून घ्या आणि जपून ठेवा. रिपोर्टमध्ये न लिहिलेल्या खुणा त्या सीडीतच असतात.