माया होती, सराव नव्हता

आज उंब्रजवरून बोलतोय. इथे तारळी कृष्णेला मिळते. पुढे कराडला कोयना येते आणि सगळं पाणी सांगलीकडे जातं.

ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी पोचलं ५७ फुटांच्या वर. माझी आत्या भिलवडीला अडकलेली, फोन बंद. इकडे आमच्या गल्लीत कुणी चपात्या लाटतंय, कुणी टेम्पोत डिझेल भरतंय. कुणी सांगायची गरजच पडली नाही. दोन दिवसांनी आत्याचा आवाज ऐकला, तेव्हा आईला रडू फुटलं.

पण त्याच पुरात, ८ ऑगस्टला, ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत माणसं जास्त, लाइफ जॅकेट पुरेशी नाहीत. माया कमी नव्हती हो, सराव नव्हता.

जपानचं कौतुक मला इथे वाटतं. १९९५ च्या कोबे भूकंपात ढिगाऱ्यातून बहुतेकांना काढलं ते घरच्यांनी, शेजाऱ्यांनीच. म्हणजे आपल्यासारखंच! पण त्यांनी ते नशिबावर सोडलं नाही. वस्तीवस्तीत रहिवाशांची पथकं आहेत. १९२३ चा मोठा भूकंप १ सप्टेंबरला झाला, म्हणून दरवर्षी त्या दिवशी ड्रिल. एकट्या राहणाऱ्या आजीला कोण उचलणार, हे आधीच ठरवायचं.

मी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर शीट टाकलीय : घरात म्हातारं कोण, पोहता कुणाला येतं. चाळीसपैकी अकरा घरांनी भरली. बाकीच्यांनी अंगठा दाखवलाय.