मेध्य कल्प आणि अभ्यासाची जोड

माघ-फाल्गुनात शालान्त परीक्षा जवळ आल्या की औषधालयांत मेध्य कल्पांची मागणी एकाएकी वाढते. परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना पालक स्मरणशक्तीचे औषध मागतात. त्यांना काय सांगावे, याचा विचार आम्ही येथे मेंदूविषयक संशोधनाच्या आधारे करीत आहोत.

प्रौढ मेंदूची रचना बदलत नाही, ही समजूत आता मागे पडली आहे. लंडनमध्ये टॅक्सीचालकाच्या परवान्यासाठी चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिसरातील सुमारे २५,००० रस्ते मुखोद्गत करावे लागतात. कॅथरीन वूलेट व एलिनॉर मॅग्वायर यांनी अशा ७९ उमेदवारांपासून आरंभ केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३९ जण उत्तीर्ण झाले. त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाच्या मागील अंगातील करडे द्रव्य वाढलेले आढळले. अनुत्तीर्ण राहून पुन्हा तपासणीस आलेल्यांत ही वाढ दिसली नाही. आरंभी मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता.

मिळविलेले टिकविण्यासही अभ्यासच लागतो. २००४ साली जर्मनीत काही जणांना तीन चेंडू झेलण्याचा खेळ तीन महिने शिकविण्यात आला. त्यांच्या मेंदूत वाढ दिसली. सराव सोडल्यावर पुढील तीन महिन्यांत ती ओसरू लागली.

मग औषधाचे स्थान कोणते? ऑस्ट्रेलियात ७६ प्रौढांना तीन महिने जलब्राह्मी, म्हणजे बकोपा, देऊन केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. शिकलेले लक्षात राहण्याचे प्रमाण त्यात सुधारले. शिकण्याचा वेग मात्र बदलला नाही. अर्थात जे शिकलेच नाही, ते औषध स्मरणात आणून देणार नाही. बाजारात मंडूकपर्णीही ब्राह्मी या नावाने येते. म्हणून खरेदी करताना वनस्पतीची खातरजमा औषधालयचालकांनी अवश्य करावी.

चांगली सवय ज्या आवर्तनाने दृढ होते, त्याच आवर्तनाने वाईटही होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात अहितकर सवय अंशाअंशाने सोडून हितकर सवय तशीच अंगी बाणविण्याचा क्रम सांगितला आहे. लंडनमध्येच फिलिपा लॅली यांनी केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागल्याचे आढळले. व्यक्तिपरत्वे हा काळ १८ ते २५४ दिवस असा होता. रात्री जागणाऱ्या मुलाची दिनचर्या एका आठवड्यात सुधारावी, ही अपेक्षा म्हणूनच रास्त नव्हे.

तेव्हा आमची सूचना अशी : मेध्य कल्प द्यावयाचा तर दिवाळीनंतरच आरंभ करावा. वरील औषधाभ्यास प्रौढांवरील असल्याने मुलांची मात्रा वैद्यांनी वय व अग्नी पाहून ठरवावी. सोबत रोजची उजळणी व पुरेशी झोप यांचा उल्लेख चिठ्ठीवर औषधाइतक्याच स्पष्टपणे करावा. पंधरा दिवसांत गुणपत्रिका बदलण्याचे आश्वासन कोणीही देऊ नये. ते फोल ठरले की दोष मुलाच्या बुद्धीला लागतो आणि पालकांचा शास्त्रावरील विश्वासही उडतो.