पाकीट हरवल्यानंतरचा पहिला तास
(व्यवहारातले हक्क : लेखांक ९)

आज विषय पाकिटाचा.

दादरच्या पुलावर, एसटीत चढताना, आठवडी बाजारात खिशाकडे हात जातो आणि पाकीट हाताला लागत नाही. धाबं दणाणतं. मनात पहिला हिशेब होतो तो रोकडीचा. मग आपण गर्दीतून उलटे मागे जातो, बाकाखाली वाकून बघतो, चहाच्या टपरीवर विचारतो. असं होणं स्वाभाविकच आहे. तरीही माझं कळकळीचं सांगणं आहे की शोधाशोध नंतर, आधी बँकेला फोन. रोकड गेली असेल तर गेलीच, पण कार्ड अजून चालू आहे.

कार्डावर लाटांसारख्या चार रेघांची खूण असेल आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहाराची सोय चालू असेल, तर ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार नुसतं यंत्राला टेकवून, पिनशिवाय होतो. आधी ही मर्यादा २,००० होती. १ जानेवारी २०२१ पासून ती वाढली. ही सोय बँकेच्या ॲपमधून आपल्याला बंद करता येते. ज्यांना लागत नाही त्यांनी ती आजच बंद करावी.

फोन लगेच का करायचा, याचं उत्तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. आपण बँकेला कळवल्यानंतर त्या कार्डावर जो गैरव्यवहार होईल, त्याची जबाबदारी बँकेची. कळवण्याआधीच्या नुकसानीत मात्र चूक कोणाची हे बघितलं जातं. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर कळवेपर्यंतचा सगळा तोटा त्याच्या माथी. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रकरणात त्या व्यवहाराचा बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तक्रार केली तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. चार ते सात दिवसांत केली तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, हेही त्याच परिपत्रकात लिहिलेलं आहे. म्हणून कार्ड बंद केल्याचा एसएमएस पुसू नका, तक्रार क्रमांक लिहून ठेवा आणि फोन किती वाजता केला तेही टिपून ठेवा. पुढे वाद झाला तर हीच नोंद कामी येते.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. पेन्शनधारकांच्या पाकिटात कार्डाच्या मागे घडी घातलेली चिठ्ठी असते. नातवाने किंवा सुनेने निळ्या पेनाने लिहून दिलेले चार आकडे, कधी तर थेट कार्डाच्या मागेच चिकटपट्टीखाली. विसरायला होतं म्हणून ही सोय, आणि त्यामागची माया मला कळते. पण पाकीट गेलं की याच चिठ्ठीमुळे बँक ‘तुमचा निष्काळजीपणा’ म्हणून हात वर करते. ती चिठ्ठी घरात, देवघराच्या खणात ठेवा, पाकिटात नको.

दुसरी सवय तरुणांची आहे, आणि ती जास्त घातक: मोबाइलच्या कव्हरमध्येच डेबिट कार्ड. यूपीआयचा पिन नव्याने ठरवायला बहुतेक ठिकाणी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि मोबाइलवर आलेला ओटीपी एवढंच लागतं; काही बँका त्यासोबत एटीएम पिनही मागतात. फोनला कुलूप असलं तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं. म्हणजे कव्हरसकट फोन गेला तर कार्ड आणि ओटीपी दोन्ही एकाच हाती पडले. अशा वेळी कोणाचा तरी फोन मागून आधी सिम बंद करा, मग बँक. पैसे निघाल्याचं कळलं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. तिथे जितक्या लवकर नोंद होते, तितकी रक्कम वाटेतच रोखली जाण्याची शक्यता जास्त.

आता पोलीस ठाणं. पाकीट हरवलं आणि पाकीट मारलं, या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरवल्याची नुसती नोंद होते. तिला आपण गहाळ दाखला म्हणतो. डुप्लिकेट कागदपत्रांसाठी तो चालतो, पण त्यावर तपास होत नाही. चोरीचा मात्र गुन्हा दाखल होतो. अनेकदा ठाण्यात सुचवलं जातं, ‘चोरी कशाला लिहिता, गहाळ लिहा, लवकर काम होईल.’ खिसा कापलेला असेल, धक्का मारून कोणी पळालं असेल, तर तसंच लिहा. खरोखर माहीत नसेल तर तेही तसंच लिहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे घटना कुठल्याही हद्दीत घडली असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते आणि एफआयआरची प्रत विनाशुल्क द्यावी लागते. नकार मिळाला तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो. लोकलमध्ये किंवा फलाटावर घडलं असेल तर तपास लोहमार्ग पोलिसांचा. साधा अर्ज दिलात तरी दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

कागदपत्रं परत मिळवणं आता पूर्वीइतकं जिकिरीचं नाही. ई-आधार डाउनलोड होतं, पॅनची नवी प्रत ऑनलाइन मागवता येते, लायसन्स डिजीलॉकरमध्ये असेल तर वाहतूक पोलिसांना ते मान्य करावं लागतं.

खरी काळजी वेगळी आहे. कार्ड बंद झालं की नवा क्रमांक मिळतो, आधार आणि पॅनचे क्रमांक मात्र तेच राहतात. आपल्या नावावर कोणी सिम घेतलं का, हे ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर बघा. कर्ज उचललं का, हे क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं. सिबिलसह चार कंपन्यांकडून वर्षाला एकेक रिपोर्ट फुकट मिळतो. चारही एकाच दिवशी न मागवता दर तीन महिन्यांनी एक मागवला, तर वर्षभर लक्ष राहतं.

आणि पाकीट परत मिळण्याची आशा? ती सोडू नका. अ‍ॅलन कोहन या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी भारतासह ४० देशांत १७,००० हून अधिक पाकिटं ‘सापडली’ म्हणून हॉटेलं, बँका, टपाल कार्यालयं अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांकडे दिली; २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचा निष्कर्ष आला. पैसे नसलेल्यांपेक्षा पैसे असलेल्या पाकिटांच्या मालकांशी जास्त लोकांनी संपर्क साधला. त्या प्रत्येक पाकिटात मालकाचा ईमेल पत्ता होता. आपल्याकडे सापडलेलं पाकीट परत करायची इच्छा असूनही अनेकांना मालकाचा नंबरच सापडत नाही. आधार कार्डावर तो बहुधा छापलेला नसतो.

तेव्हा हा लेख वाचून झाल्यावर एवढं करा: घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी मोबाइल नंबर एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा, आणि आई-वडिलांच्या पाकिटातली पिनची चिठ्ठी काढून घ्या.