निवडणुकीचा निकाल आणि नीरेचे पाणी

निकाल लागला, गुलाल धुतला गेला, म्हणजे निवडणुकीचा विषय संपला, अशी आपल्या खेड्यांतून सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक शेतकऱ्याने निकालाचा विचार करावयाचा तो त्यानंतरच. निरवांगीसारख्या नीरा डाव्या कालव्याच्या शेवटाकडील गावांस तर हा विचार फारच अगत्याचा आहे. येथील ऊस उभा राहावयाचा की वाळावयाचा हे ज्या पाण्यावर अवलंबून, त्याची वाटणी गावात होत नाही व तालुक्यातही होत नाही. म्हणून निवडणुकीच्या निकालाचा आणि पाटाच्या पाण्याचा संबंध कोठे येतो व कोठे येत नाही, हे आमच्या वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

एक मत, दोन निकाल

विधानसभेच्या निवडणुकीत मतदार मत एकच देतो. परंतु त्यातून निकाल दोन निघतात. पहिला मतदारसंघाचा. ज्यास इतर प्रत्येकाहून अधिक मते पडतील तो निवडून येतो. त्यास निम्म्याहून अधिक मते पडलीच पाहिजेत असा नियम नाही. दुसरा निकाल राज्याचा. २८८ सभासदांच्या सभेत निदान १४५ जणांचे पाठबळ ज्या पक्षास किंवा पक्षसमूहास असेल, त्याचे मंत्रिमंडळ बनते. पहिल्या निकालाने आपला प्रतिनिधी ठरतो. राज्याची तिजोरी व धरणांचा कारभार कोणाच्या हाती जावयाचा हे दुसऱ्याने ठरते. चावडीवर चर्चा चालते ती बहुधा पहिल्याची. शेतावर परिणाम होतो तो बहुतांशी दुसऱ्याचा.

हा मताचा हक्क आपल्या आजोबा-पणजोबांपैकी सर्वांस नव्हता, हेही येथे ध्यानात ठेवावे. १९३७ साली मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाची निवडणूक झाली, तेव्हा मताधिकार मुख्यतः सारा, मालमत्ता व शिक्षण यांवर बेतलेला होता. जमीनदारास मत होते. त्याच्या बांधावर राबणाऱ्या मजुरास बहुधा नव्हते. प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास मत मिळाले ते १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून.

इंदापूरचा हिशेब

इंदापूर मतदारसंघातून १९९५ पासून २००९ पर्यंत सलग चार वेळा श्री. हर्षवर्धन पाटील निवडून आले. त्यांपैकी पहिल्या तीन वेळा ते अपक्ष उभे होते. २०१४ पासून श्री. दत्तात्रय भरणे यांनी लागोपाठ तीन निवडणुका जिंकल्या. त्यांचे आकडे असे :

सन २०१४ : भरणे १,०८,४००, पाटील ९४,२२७, मताधिक्य १४,१७३.
सन २०१९ : भरणे १,१४,९६०, पाटील १,११,८५०, मताधिक्य ३,११०.
सन २०२४ : भरणे १,१७,२३६, पाटील ९७,८२६, मताधिक्य १९,४१०.

श्री. पाटील या तीन वेळी अनुक्रमे काँग्रेस, भारतीय जनता पक्ष व राष्ट्रवादी काँग्रेसचा शरदचंद्र पवार पक्ष अशा तीन निराळ्या पक्षांकडून उभे होते, आणि तरीही त्यांना प्रत्येक वेळी नव्वद हजारांहून अधिक मते पडली. यावरून या तालुक्यात पक्षाच्या निशाणीपेक्षा माणसाचा व त्याच्या गटाचा जोर अधिक चालतो असे अनुमान निघते.

दुसरी गोष्ट मताधिक्याची. २०२४ चे मताधिक्य २०१९ च्या सहापट दिसते. पण विजयी उमेदवाराची मते वाढली ती सुमारे सव्वादोन हजारच. त्या वर्षी अपक्ष श्री. प्रवीण माने यांस सुमारे ३८ हजार मते पडली, व दुसऱ्या आणि तिसऱ्या उमेदवारांची बेरीज पहिल्याहून अधिक भरली. ती सर्व मते अन्यथा एकाच पेटीत पडली असती असे मात्र कोणी धरून चालू नये. शेजारच्या बारामतीत त्याच वेळी श्री. अजित पवार यांनी पुतणे श्री. युगेंद्र पवार यांच्यावर १,००,८९९ मतांनी विजय मिळविला. तेथे निकालाचा अर्थ लावण्यास विशेष कष्ट नकोत. तात्पर्य, मताधिक्य हे एकट्या विजयी उमेदवाराच्या बळाचे माप नव्हे. विरोधी मतांची विभागणीही त्यात मोजली जाते.

पाण्याचा दाखला

आता दुसरा निकाल शेतापर्यंत कसा पोहोचतो ते पाहू. भोर तालुक्यातील नीरा देवघर धरणाचे स्वतःचे कालवे अपुरे राहिल्यामुळे तेथील शिल्लक पाणी नीरेच्या जुन्या डाव्या व उजव्या कालव्यांस मिळत असे. डाव्यावर बारामती व इंदापूर. उजव्यावर फलटण, माळशिरस व सांगोला. मे २०१९ मध्ये लोकसभेचे निकाल लागले. त्यानंतर लगेच, जून २०१९ मध्ये, त्या वेळच्या राज्य सरकारने डाव्या कालव्याचा हा वाटा बंद करून पाणी उजव्याकडे देण्याचे ठरविले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक झाली. इंदापूरचा आमदार बदलला नाही. भारतीय जनता पक्षास १०५, शिवसेनेस ५६, राष्ट्रवादीस ५४ व काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या. पहिले दोन पक्ष एकत्र लढले होते, परंतु निकालानंतर त्यांचे फाटले आणि २८ नोव्हेंबर २०१९ रोजी उरलेल्या तिघांचे सरकार आले. या सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये नीरा देवघर व गुंजवणीच्या पाण्याची नवी वाटणी केली : डाव्यास ५५ टक्के, उजव्यास ४५ टक्के. प्रतिनिधी तोच, कालवा तोच, पाऊसही कोणाच्या मताने पडला नव्हता. बदलले ते सरकार.

परंतु यात आनंद मानताना नदीच्या पलतीरी पाहावे. आमच्या पाटात जे वाढले ते माळशिरसच्या शेतकऱ्याच्या पाटातून कमी झाले. तोही आमच्यासारखाच ऊस लावतो व आमच्यासारखीच कर्जे काढतो. आज सरकार बदलल्याने जे मिळाले ते उद्या सरकार बदलल्याने जाऊ शकते.

सत्तेचीही मर्यादा

सरकार आपले असले म्हणजे सर्व साधते, असेही नाही. एप्रिल २०२१ मध्ये उजनी जलाशयातील पाच अब्ज घनफूट सांडपाणी इंदापूर भागास देण्याचा आदेश निघाला. तेव्हा श्री. भरणे राज्यमंत्री होते, एवढेच नव्हे तर सोलापूर जिल्ह्याचे पालकमंत्रीही होते. तरी सोलापूरच्या शेतकऱ्यांनी इतका तीव्र विरोध केला की मे महिन्यात तो आदेश रद्द करावा लागला. २०२५ च्या जुलैअखेरीस त्यांच्याकडे राज्याचे कृषिखाते सोपविण्यात आले, तेव्हा तालुक्यास संतोष वाटणे साहजिक होते. पण कृषिखाते व जलसंपदाखाते ही दोन निराळी खाती होत, आणि धरणाचे दार उघडते ते दुसऱ्या खात्याच्या हुकुमाने.

मग शेतकऱ्याने काय करावे?

आमच्या मते तीन गोष्टी कराव्या. पहिली, उमेदवार दारी येईल तेव्हा त्यास रस्ता, समाजमंदिर यांबरोबर हेही विचारावे, की नीरेच्या पाण्याच्या वाटणीविषयी त्याच्या पक्षाचे राज्यभर धोरण एकच आहे, की डाव्या तीरावर एक बोलणे आणि उजव्या तीरावर दुसरे. दुसरी, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीवर लक्ष ठेवावे. रब्बी व उन्हाळी आवर्तने तेथे ठरतात. त्यापूर्वी शेवटाकडील गावांनी आपली मागणी लेखी द्यावी. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, पाणी वापर संस्था चालती करावी. २००५ च्या कायद्याने अशा संस्थेस पाणी मोजून घेण्याचा हक्क दिला आहे, आणि मोजून घेतलेल्या पाण्याची नोंद हाती असली म्हणजे वरच्या गावाने किती उचलले हा वाद तोंडी राहत नाही.

मत पाच वर्षांतून एकदा द्यावयाचे असते. पाणी दर पाळीस लागते. पाच वर्षांतून एकदाच जागा होणारा शेतकरी आपले पाणी दुसऱ्याच्या मर्जीवर सोडतो. मोजलेल्या व नोंदलेल्या पाण्याचा हक्क मात्र कोणत्याही निकालाने सहजासहजी पुसला जात नाही. म्हणून मत विचाराने द्यावे, आणि मताबरोबर मोजमापाची वहीही सांभाळावी, अशी आमची बंधूंस आग्रहाची विनंती आहे.