मराठीच्या वाटेने जर्मनची सी-१

जर्मन म्हटलं की आपल्याकडे अनेकांना अकरावी-बारावीचा मार्क मिळवून देणारा विषय आठवतो. दोन वर्षं शिकायचं, शंभरापैकी नव्वदच्या वर मिळवायचे आणि मोकळं व्हायचं. आज मी ज्या परीक्षेबद्दल बोलणार आहे, ती त्या जातीची नव्हे. युरोपीय परिषदेने २००१ साली भाषा शिकण्याच्या सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या. ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. ए म्हणजे बाजारहाट आणि नमस्कार-चमत्कार. बी म्हणजे कुणाचा हात न धरता व्यवहार करता येणं. आणि सी म्हणजे त्या भाषेत बिचकल्याशिवाय वावरणं, वाद घालणं, दुसऱ्याच्या बोलण्यातली खोच ओळखणं. या पाचव्या पायरीच्या, म्हणजे सी-१च्या तयारीबद्दल हे बोलणं आहे.

ही परीक्षा घेणाऱ्या संस्थांपैकी आपल्याला सर्वांत परिचित म्हणजे १९५१ साली स्थापन झालेली ग्योथे इन्स्टिट्यूट. भारतात तिला मॅक्सम्युलर भवन म्हणतात. पुण्यात आणि मुंबईत ती आहे. (ज्या मॅक्सम्युलर पंडितांचं नाव या वास्तूंना दिलं, ते आयुष्यात एकदाही भारतात आले नाहीत. पण त्यांनी ऋग्वेद छापला आणि आपण त्यांच्या नावाच्या इमारतीत जर्मन शिकतो. हिशेब चुकता झाला म्हणायचा.) सी-१ परीक्षेचे चार भाग असतात. वाचन ६५ मिनिटं, श्रवण सुमारे ४० मिनिटं, लेखन ७५ मिनिटं आणि संभाषण साधारण २० मिनिटं. प्रत्येक भाग शंभर गुणांचा आणि उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येकात ६० हवेत. एका भागातले जास्तीचे गुण दुसऱ्या भागाला उसने देता येत नाहीत. मात्र जानेवारी २०२४पासून एक सोय झाली आहे. चार भाग सुटे देता येतात आणि जो राहिला तेवढाच पुन्हा देता येतो.

माझा या सगळ्याशी संबंध आला तो भाचीमुळे. ती एम.बी.बी.एस. झालेली. जर्मनीत डॉक्टरकी करायची तिच्या मनात आहे. तिथे परदेशी डॉक्टरला रोजच्या व्यवहाराची जर्मन बी-२ची आणि दवाखान्यातली जर्मन सी-१च्या पातळीची लागते. तिने सी-१ची सर्वसाधारण परीक्षाही द्यायचं ठरवलं. दहावीपर्यंत तिचं शिक्षण मराठी माध्यमातून झालेलं. ज्या क्लासमध्ये ती चौकशीला गेली, तिथल्या बाईंनी फी सांगण्याआधी सल्ला दिला, ‘‘आधी इंग्लिश सुधार, जर्मन इंग्लिशमधूनच कळतं.’’ घरी आली ती पडलेल्या चेहऱ्याने. म्हणाली, ‘‘मामू, आता हे आणखी एक.’’ मी पडलो मराठीचा बी.ए. जर्मन शिकलो होतो ते काही कवी मुळातून वाचावेत म्हणून, तेही बी-१पर्यंत. तरी तिच्या जोडीला अभ्यासाला बसलो. परीक्षेची मला गरज नव्हती, पण त्या बाईंचं वाक्य मला खटकलं होतं. वर्षभराच्या अभ्यासानंतर माझं मत असं झालं आहे की वरच्या वर्गातली जर्मन इंग्रजीच्या वाटेने गेलं तर लांब पडते, मराठीच्या वाटेने जवळ.

सुरुवात लिंगापासून करू. जर्मनमध्ये तीन लिंगं. देर, दी आणि दास, म्हणजे तो, ती आणि ते. इंग्रजीतून येणारा विचारतो, टेबल पुल्लिंगी का? मराठी माणूस हे विचारत नाही, कारण त्याची खुर्ची ‘ती’ असते आणि टेबल ‘ते’. आमच्या घरात तर हा धडा फार लवकर मिळाला. घरी दखनीत ‘किताब’ स्त्रीलिंगी, शाळेत गेलो की तेच ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी. वस्तू एकच. लिंग वस्तूचं नसतं, शब्दाचं असतं, हे मला पाचव्या-सहाव्या वर्षीच ठाऊक होतं. जर्मनमध्येही पुस्तक नपुंसकलिंगीच आहे, दास बूख. मुलीला जर्मन लोक ‘दास मेडशेन’ म्हणतात, म्हणजे ‘ते’, याचं अनेकांना हसू येतं. पण आपण ‘ते लेकरू’, ‘ते पोरगं’ म्हणतोच की. वासरू, कोकरू, पाखरू ही आपली नपुंसकलिंगी लहानगी. जर्मन वासरू आणि कोकरूही ‘दास’च आहेत. म्हणून हे सगळं आपोआप येतं असं नाही. नदी, रस्ता, निर्णय यांची लिंगं एकेक करून पाठ करावी लागतात आणि सी-१ला चुकली तर लेखनात गुण जातात. पण भीती जाते. भीती गेली की पाठांतर होतं.

विभक्तीचंही तसंच. ‘चांगला मुलगा’ आणि ‘चांगल्या मुलाला’ यांत नाम बदललं आणि विशेषणही बदललं. जर्मनमध्ये ‘देर गूटे युंगे’ आणि ‘देम गूटन युंगन’. तोच प्रकार. इंग्रजीतला ‘गुड बॉय’ कुठेही नेला तरी जसाच्या तसा राहतो. त्यामुळे त्या वाटेने जाणाऱ्याला विशेषणांचे तक्ते म्हणजे संकट वाटतं.

पण खरा मुद्दा याच्या पुढचा आहे. सी-१ला तक्ते कुणी विचारत नाही. तिथे पाहतात ते बोलणाऱ्याचा रोख कळतो का हे. एक उदाहरण देतो. ‘एर झोल राइश झाइन’ या वाक्याचा शब्दशः अर्थ लावू गेलं तर ‘त्याने श्रीमंत असावं’ असं काहीतरी होतं. खरा अर्थ आहे, ‘तो श्रीमंत आहे म्हणे.’ आता दुसरं वाक्य. ‘एर विल निश्ट्स गेझेहेन हाबेन.’ यातला ‘विल’ इंग्रजी समजून वाचणारा त्यातून भविष्यकाळ काढतो. अर्थ मात्र असा की, त्याने काहीच पाहिलं नाही असं त्याचं म्हणणं आहे, आणि सांगणाऱ्याचा त्यावर फारसा विश्वास नाही. शिवाय जर्मन वर्तमानपत्रं दुसऱ्याचं बोलणं सांगताना क्रियापदाचं रूपच बदलतात. मंत्री आजारी ‘इस्ट’ असं लिहिलं तर ते बातमीदाराचं म्हणणं, ‘झाय’ लिहिलं तर ते मंत्र्यांचं म्हणणं, बातमीदाराने फक्त पोचवलेलं. वाचनाच्या भागात प्रश्न असतात ते असे, की हे मत लेखकाचं की त्याने उद्धृत केलेल्या माणसाचं? आपल्याकडे हे काम एक छोटासा ‘म्हणे’ करतो. गावातल्या पारावर बसलेला कुणीही माणूस ‘म्हणे’ लावून जबाबदारी झटकतो, ती कला त्याला कुणी शिकवलेली नसते. भाचीला मी जर्मन लेखातली अशी वाक्यं मराठीत मोठ्याने सांगायला लावली, जिथे ‘म्हणे’ येईल तिथे पेन्सिलने खूण. महिन्याभरात तिचे वाचनातले गुण वाढले.

तसेच छोटे शब्द. डॉख, या, माल, हाल्ट, एबन. कोशात यांचा अर्थ शोधला तर हाती काही लागत नाही. ‘कोम हेअर’ म्हणजे ‘इकडे ये’, हुकूम. ‘कोम माल हेअर’ म्हणजे ‘ये बरं इकडे’. आपले बरं, ना, की, तर, च हे शब्द काढून मराठी बोलून पाहा, रागावल्यासारखं वाटतं. जर्मनचंही तेच. संभाषणाच्या भागात दोन उमेदवार समोरासमोर बसून एका विषयावर चर्चा करतात, आधी प्रत्येकाने छोटंसं भाषण करायचं असतं. तिथे हे छोटे शब्द जागेवर पडले की बोलणं माणसासारखं वाटतं. मात्र त्यांची पेरणी करू नये. न कळता घातलेला ‘डॉख’ मिठाच्या खड्यासारखा दाताखाली येतो.

श्रवणाच्या बाबतीत माझा सल्ला साधा आहे. रेडिओ ऐका. आकाशवाणीवर बोलतो आहे म्हणून म्हणत नाही. डॉइचे वेले ही जर्मन प्रसारणसंस्था शिकणाऱ्यांसाठी बातम्या सावकाश वाचून देते आणि त्याच बातम्या नेहमीच्या वेगातही देते. आधी सावकाश, मग वेगात, मग मजकूर समोर ठेवून. जर्मन उपवाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि तोवर श्वास रोखून थांबावं लागतं, अशी तक्रार असते. आपलं क्रियापदही शेवटीच येतं. आपला ‘नाही’सुद्धा शेवटीच येतो, त्यामुळे वाक्य संपेपर्यंत थांबायची सवय कानाला आहे. आघाताकडे मात्र लक्ष हवं, तो आपल्या कानाला नवा. ‘उमफारन’ या शब्दात आघात ‘उम’वर दिला तर अर्थ गाडीखाली घेऊन आडवं पाडणं, ‘फा’वर दिला तर वळसा घालून जाणं. रस्त्यावरच्या माणसाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. आणि परीक्षेत प्रत्येक ध्वनिफीत दोनदा ऐकायला मिळेल असं धरून चालू नये.

लेखन हा या परीक्षेतला सर्वांत निसरडा भाग. ७५ मिनिटांत दोन मजकूर, मिळून साडेतीनशेच्या आसपास शब्द. एकात मत मांडायचं, दुसरं औपचारिक पत्र. भाचीला पहिल्या खेपेला वाचन, श्रवण आणि संभाषण यांत साठाच्या वर मिळाले, लेखनात ५४. तिची वाक्यं शुद्ध होती, पण ती बोलल्यासारखी होती. ‘भाव वाढतात म्हणून लोक चिडतात’ असं ती लिहायची. औपचारिक जर्मन क्रियापदाचं नाम करते, ‘भाववाढीमुळे लोकांत नाराजी आहे’. ही भाषा आपल्याला परकी नाही. तहसील कचेरीतलं कोणतंही पत्र काढा, ‘कार्यवाही करण्यात यावी’, ‘निदर्शनास आणून देण्यात येते’. कवी म्हणून मला त्या भाषेचा कंटाळा आहे, पण परीक्षेसाठी तिचा फार उपयोग झाला. रोज पाच वाक्यं बोलीतून कचेरीत न्यायची आणि पाच कचेरीतून बोलीत आणायची, असा आमचा क्रम होता. ठराविक जोड्याही असतात. प्रश्न विचारणे याला जर्मन ‘फ्रागे श्टेलन’ म्हणतात, शब्दशः प्रश्न उभा करणे. हे लगेच लक्षात राहतं, कारण तो आपणही उभा करतो. निर्णय आपण ‘घेतो’, ते ‘ट्रेफन’ करतात, म्हणजे नेम साधतात. अशा जोड्यांची वेगळी वही हवी. दर आठवड्याला घड्याळ लावून एक पूर्ण मजकूर लिहायचा आणि जाणकाराकडून तपासून घ्यायचा. सरावाचे नमुना संच ग्योथे इन्स्टिट्यूट विनामूल्य उपलब्ध करून देते, तेव्हा गाईडांच्या मागे लागण्याआधी ते संपवावेत. दुसऱ्या खेपेला तिला लेखनात ७१ मिळाले.

वेळेचं सांगायचं तर शून्यापासून सी-१पर्यंत ४५ मिनिटांच्या ८०० ते १००० तासिका लागतात, असं ग्योथे इन्स्टिट्यूटच सांगते. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केल्यापासून गावोगावी ‘तीन महिन्यांत जर्मन’चे फलक दिसू लागले. तीन महिन्यांत ए-१ होईल, फार तर ए-२. त्यापुढचं आश्वासन कुणी दिलं तर चप्पल घालून बाहेर पडावं. प्रमाणपत्राला मुदत नसते, पण काही विद्यापीठं आणि कचेऱ्या दोन वर्षांच्या आतलंच मागतात, तेव्हा फार आधीही परीक्षा देऊन ठेवू नये.

भाचीची आता डॉक्टरांसाठीची वेगळी भाषापरीक्षा राहिली आहे. बहुतेक जर्मन राज्यांत ती तासाभराची असते. वीस मिनिटं रुग्णाशी बोलायचं, वीस मिनिटं लिहायचं, वीस मिनिटं वरिष्ठ डॉक्टरला सांगायचं. रुग्णाशी बोलताना लॅटिन नावं चालत नाहीत. म्हणून सध्या आमच्या घरी वेदनांची यादी चालू आहे. श्टेशन्ट म्हणजे टोचल्यासारखं, ब्रेनन्ट म्हणजे जळजळ, पोखन्ट म्हणजे ठणका, त्सीअन्ट म्हणजे ओढल्यासारखं, एकदम चमक निघाली तर आइनशीसन्ट. माझी बहीण स्वयंपाकघरातून मराठी आणि दखनी शब्द पुरवते, भाची जर्मन शोधते. थंडी वाजते हे सांगताना इंग्रजीच्या वळणाने ‘इश बिन काल्ट’, ‘मी थंड आहे’, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. जर्मन माणूस म्हणतो ‘मीर इस्ट काल्ट’, मला थंडी वाजते. त्यांचा ‘मीर’ म्हणजे आपला ‘मला’. आमच्या घरात मीर म्हणजे मीर तकी मीर, त्यामुळे हा शब्द कुणी विसरत नाही. परवा बहिणीने विचारलं, ‘‘मला कसंतरीच होतंय, हे कसं सांगतील गं तिकडे?’’ मला वाटलं, याला काही तोड नसणार. भाचीने वही न उघडता सांगितलं, ‘‘मीर इस्ट झो कोमिश.’’